केदारनाथाची वाट

भाऊबीजेच्या दिवशी महाराष्ट्रात घरोघरी बहिणी आपल्या भावांना ओवाळतात. दारात पणत्या तेवत असतात, आप्तेष्ट एकत्र जमलेले असतात, आणि दूरदेशी असलेला भाऊही बहिणीच्या घरी पोहोचण्याची धडपड करीत असतो. नेमक्या त्याच दिवशी हिमालयातील एका उंच दरीत एक देव आपले घर सोडून प्रवासास निघतो. तो देव म्हणजे श्रीकेदारनाथ.

त्या दिवशी पहाटे काळोख असतानाच मंदिरात समाधिपूजा सुरू होते. गाभाऱ्यातील स्वयंभू शिवलिंग भस्म, बेलाची पाने आणि त्या परिसरातील सुकी फुले यांनी झाकले जाते. मग गाभाऱ्याचे दार बंद होते, आणि पाठोपाठ सभामंडपाचे दारही बंद करून त्यास कुलूप लावण्यात येते. देवाची पंचमुखी उत्सवमूर्ती डोलीत बसवितात. वाद्यांच्या गजरात आणि 'हर हर महादेव'च्या घोषात भक्तजन ती डोली खांद्यावर घेऊन दरी उतरू लागतात. वाटेत रामपूर व गुप्तकाशी येथे मुक्काम करून ती तिसऱ्या दिवशी ऊखीमठ येथील ओंकारेश्वर मंदिरात पोहोचते. पुढील सहा महिने केदारनाथाची पूजा तेथेच होते. डोलीबरोबर पुजारी उतरतात, दुकानदार उतरतात, घोडेवाले उतरतात. वर उरतात ते फक्त दगडी मंदिर, त्याचा क्षेत्रपाल भैरवनाथ आणि हिमालयाची शिखरे. मंदिर बंद करताना गाभाऱ्यात लावलेला दीप सहा महिने अखंड तेवत राहतो, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

देवाने दरवर्षी सहा महिने आपले स्थान सोडून खाली का उतरावे? या प्रश्नाचे उत्तर मिळण्यासाठी ते स्थान कसे आहे आणि तेथवर माणूस कसा जातो, हे प्रथम पाहिले पाहिजे.

केदारनाथ हे उत्तराखंड राज्याच्या रुद्रप्रयाग जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५८० मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईवर दुसरे कळसूबाई ठेवले, तरी केदारनाथाची उंची त्याहून अधिकच भरेल. तेथील हवा विरळ असते. एका श्वासाबरोबर समुद्रकाठी जेवढा प्राणवायू मिळतो, त्याच्या साधारण दोनतृतीयांशच तेथे मिळतो. म्हणून चार पावले भराभर टाकली तरी धाप लागते. मंदिराच्या पाठीशी जवळजवळ ७,००० मीटर उंचीची केदार पर्वताची हिमाच्छादित शिखरे उभी आहेत. त्यांच्या पायथ्याच्या हिमनदीतून मंदाकिनी उगम पावते. ती मंदिराच्या बाजूने खळाळत दरीत उतरते आणि रुद्रप्रयाग येथे अलकनंदेस मिळते. हिवाळ्यात ही सारी दरी बर्फाखाली गाडली जाते. वाटा बुजतात व पाणी गोठते. अशा वेळी तेथे राहू पाहणे म्हणजे मृत्यूस आमंत्रण देण्यासारखेच होय.

या स्थानाविषयी एक कथा प्रसिद्ध आहे. भारतीय युद्धात आपल्याच बांधवांचा वध केल्यामुळे पांडवांच्या मनास टोचणी लागली. पापक्षालनासाठी ते शंकराच्या दर्शनास निघाले. परंतु शंकर त्यांच्यावर रुष्ट होते. ते काशी सोडून हिमालयात आले व गुप्त झाले. ती जागा म्हणजे गुप्तकाशी. पुढे त्यांनी बैलाचे रूप घेतले आणि गुरांच्या कळपात ते मिसळले. भीमाने त्यांस ओळखले व पकडण्यासाठी झेप घातली. तोच तो बैल जमिनीत शिरू लागला. भीमाच्या हाती लागले ते केवळ वशिंड. पांडवांची तळमळ पाहून शंकर प्रसन्न झाले व तेथेच वशिंडाच्या रूपाने राहिले. केदारनाथाचे लिंग इतर ठिकाणच्या शिवलिंगांसारखे गोल व गुळगुळीत नाही. ते त्रिकोणी, खडबडीत शिळेच्या आकाराचे आहे, याचे कारण ही कथा सांगते. शंकराच्या देहाचे इतर भाग तुंगनाथ, रुद्रनाथ, मध्यमहेश्वर आणि कल्पेश्वर येथे प्रकट झाले असे मानतात. केदारनाथासह ही पाच स्थाने 'पंचकेदार' म्हणून ओळखली जातात.

मंदिर करड्या रंगाच्या प्रचंड दगडी चिऱ्यांचे आहे. उंच जोत्यावर ते दक्षिणेकडे तोंड करून उभे आहे. समोर दगडी नंदी आहे. आत सभामंडपात पांडवांच्या व द्रौपदीच्या मूर्ती आहेत. लिंगास तूप चोळण्याची व त्यास आलिंगन देण्याची तेथे परंपरा आहे. इतक्या कष्टाने आलेल्या भक्तास देव जणू जवळ घेतो, असा त्या परंपरेचा भाव आहे. श्रावणी पौर्णिमेच्या आदल्या रात्री तेथे भतूज नावाचा उत्सव होतो. त्या रात्री नव्या धान्याच्या शिजविलेल्या भाताने लिंग झाकून टाकतात. दरीतील शेतकऱ्याचे पहिले अन्न असे देवास पोहोचते. संस्कृतात 'केदार' या शब्दाचा एक अर्थ 'शेत' असा आहे, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आद्य शंकराचार्यांनी या क्षेत्राचा जीर्णोद्धार केला आणि येथेच त्यांनी देह ठेवला, असे परंपरा मानते. येथील मुख्य धर्मगुरूंस 'रावळ' म्हणतात. ते कर्नाटकातील वीरशैव परंपरेतील असतात. हिमालयातील देवाची सेवा दक्षिणेतील माणसाने करावी, ही योजना मोठी अर्थपूर्ण आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी केदारनाथ हे एक आणि रामेश्वर हे दुसरे. एक बर्फात, तर दुसरे समुद्रकाठी. त्र्यंबकेश्वर, भीमाशंकर व घृष्णेश्वर ही आपल्या महाराष्ट्रातील ज्योतिर्लिंगे त्याच माळेतील मणी होत. कोल्हापूरजवळच्या डोंगरावरील जोतिबासही भक्तजन 'केदारनाथ' म्हणतात. हिमालय व सह्याद्री यांचे नाते असे नावातूनही जोडलेले आहे.

पूर्वी ही यात्रा पायी होत असे. गंगेच्या काठी हृषीकेश सोडले की यात्रेकरू डोंगरात शिरत. मग कित्येक आठवडे चालणे चाले. घरून निघताना वृद्ध माणसे सर्वांचा निरोप घेत. परत येऊ की नाही, याची त्यांस खात्री नसे. महाराष्ट्रात अशा मोठ्या यात्रेहून सुखरूप परतलेल्या माणसाने गावास मावंदे घालण्याची चाल होती. त्या भोजनात आनंदाबरोबर सुटकेचा निःश्वासही असे.

त्या वाटेवर काही मैलांच्या अंतराने 'चट्ट्या' असत. चट्टी म्हणजे गवताने शाकारलेली लांबट पडवी आणि तिच्या शेजारी वाण्याचे लहानसे दुकान. वाण्याकडून पीठ, डाळ, तांदूळ विकत घ्यावे, त्याच्याच भांड्यांत स्वयंपाक करावा, आणि रात्री त्या पडवीत अंग टाकावे, अशी रीत होती. राहण्याचे निराळे पैसे पडत नसत. पुढे बाबा काली कमलीवाले म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका संन्याशाने लोकांकडून दान मिळवून या वाटेवर धर्मशाळा उभारल्या. स्वतःजवळ एका काळ्या घोंगडीखेरीज काही न ठेवणाऱ्या त्या माणसाने हजारो अनोळखी जीवांना निवारा दिला. ज्यांना चालणे शक्य नसे, त्यांना गढवाली व नेपाळी मजूर 'कंडी'त बसवून नेत. कंडी म्हणजे पाठीवर बांधलेली वेताची मोठी टोपली. एक माणूस दुसऱ्या माणसास पाठीवर घेऊन देवाच्या दारी पोहोचवी. त्या दोघांपैकी अधिक पुण्य कोणाचे, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

वाटेवर संकटेही थोडी नव्हती. १९१८ ते १९२६ या काळात रुद्रप्रयागच्या परिसरात एका नरभक्षक बिबट्याने सरकारी नोंदीप्रमाणे १२५ माणसे मारली. केदारनाथ व बदरीनाथ यांच्या वाटा रुद्रप्रयागहूनच फुटतात. सूर्य मावळला की साऱ्या वाटेवर भयाण शांतता पसरे. चट्टीच्या उघड्या पडवीत यात्रेकरू एकमेकांना खेटून रात्र काढीत. अखेर १९२६ च्या मे महिन्यात जिम कॉर्बेट या प्रसिद्ध शिकाऱ्याने रुद्रप्रयागजवळील गुलाबराई येथे, यात्रेच्या वाटेलगतच्या एका आंब्याच्या झाडावर बसून, त्या बिबट्यास ठार केले. विशेष हे की, त्या आठ वर्षांत यात्रा बंद पडली नाही. लोक भीत होते, आणि तरीही चालत होते.

या जुन्या यात्रेने माणसास एक गोष्ट नकळत शिकविली होती. पर्वत चढताना आपली घाई बाजूस ठेवावी लागते. दिवसातून जेवढे पाय चालतील तेवढेच चालावे. पाऊस आला तर थांबावे. जवळ ओझे थोडेच ठेवावे. आणि दर्शन झाले की वर फार काळ न राहता खाली उतरावे.

पुढे काळ बदलला. १९६२ च्या चीनबरोबरील युद्धानंतर सीमाभागात रस्त्यांची कामे वेगाने झाली आणि मोटारी डोंगरात खोलवर जाऊ लागल्या. आता वाहने गौरीकुंडापर्यंत पोहोचतात. चालावयाची राहते ती तेथून वरची चढण. पूर्वी जेथे आठवडे लागत, तेथे एक-दोन दिवस पुरू लागले. हेलिकॉप्टरही आले. यामुळे वृद्धांची व दुर्बळांची मोठी सोय झाली, यात शंका नाही. परंतु माणसे वाढली तशी मंदिराभोवती घरे, दुकाने व धर्मशाळाही वाढल्या. मंदाकिनीने पूर्वी कधी सोडून दिलेल्या जुन्या पात्रातही इमारती उभ्या राहिल्या. नदी आपली जुनी वाट विसरली असेल, असे माणसाने गृहीत धरले.

२०१३ सालच्या जून महिन्यात हा समज खोटा ठरला. त्या वर्षी मोसमी पाऊस लवकर आला व मुसळधार कोसळला. यात्रा भर रंगात होती. केदारनाथाच्या वरच्या अंगास चोराबाडी नावाचे एक सरोवर होते. हिमनदीने वाहून आणलेल्या दगडमातीच्या बांधाआड त्याचे पाणी साठलेले असे. १६ जूनच्या संध्याकाळी मंदाकिनीला पहिला लोंढा आला. रात्रभर पाऊस पडतच होता. १७ जूनच्या सकाळी सरोवराचा बांध फुटला. पाणी, चिखल आणि घराएवढाले दगड यांचा लोट वस्तीवर येऊन आदळला. नदीने आपले जुने पात्र पुन्हा घेतले. त्यात उभी असलेली घरे पाहता पाहता नाहीशी झाली. गौरीकुंडाच्या वाटेवरील रामबाडा हा विसाव्याचा मुक्काम समूळ वाहून गेला.

मंदिर मात्र उभे राहिले. लोटाबरोबर आलेली एक भली मोठी शिळा मंदिराच्या अगदी पाठीमागे येऊन थांबली. तिच्यामुळे पाणी दुभंगले व मंदिराच्या दोन्ही बाजूंनी निघून गेले. त्या शिळेस लोक आता 'भीमशिला' म्हणतात. तिला पाहून भाविक हात जोडतात. तथापि, मंदिर वाचले या आनंदात त्या दिवशी काय हरपले, याचा विसर पडता कामा नये.

उत्तराखंडात त्या प्रलयात हजारो माणसे प्राणास मुकली. त्यांत देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले यात्रेकरू होते, तसेच मंदाकिनीच्या खोऱ्यातील पुजारी, दुकानदार आणि घोडेवालेही होते. शाळेच्या सुटीत घरच्यांना हातभार लावावा म्हणून यात्रेच्या वाटेवर कामास गेलेली मुलेही त्यांत होती. कोणी दुकानात चहा देत होते, कोणी वडिलांच्या घोड्याचा लगाम धरून चालत होते. सुटी संपली तेव्हा त्या खोऱ्यातील शाळांत कित्येक जागा रिकाम्या राहिल्या.

संकट मोठे होते, तसे धैर्यही मोठे होते. भूसेना, वायुसेना, भारत-तिबेट सीमा पोलीस व राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल यांच्या जवानांनी तुटलेल्या वाटांवरून आणि ढगांनी भरलेल्या दऱ्यांतून एक लाखाहून अधिक लोकांना सुरक्षित स्थळी पोहोचविले. २५ जून रोजी गौरीकुंडाजवळ वायुसेनेचे एक हेलिकॉप्टर कोसळले व त्यातील वीस जणांना वीरमरण आले. ते कोणा एका प्रांताच्या वा पंथाच्या माणसांसाठी गेले नव्हते. डोंगरात जे कोणी अडकले होते, त्या साऱ्यांसाठी ते गेले होते.

मंदिरात त्या वेळी पूजा होणे शक्य नव्हते. भाऊबीज दूर होती, तरीही केदारनाथाची पूजा ऊखीमठ येथे होऊ लागली. हिवाळ्यासाठी पूर्वजांनी घालून दिलेली रीत आपत्काळीही उपयोगी पडली. ११ सप्टेंबर २०१३ रोजी मंदिरात पूजेस पुन्हा आरंभ झाला. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या माणसांनी बर्फात आणि कडाक्याच्या थंडीत काम करून नवी वाट बांधली. रामबाड्याच्या पुढे ती आता नदीच्या दुसऱ्या तीराने जाते. ती जुन्या वाटेहून लांब आहे. मंदिराच्या पाठीमागे संरक्षक भिंत बांधण्यात आली आहे. यात्रेस येणाऱ्या प्रत्येकाची आता नोंदणी होते. २०२३ च्या हंगामात तेथे एकोणीस लाखांहून अधिक भाविकांनी दर्शन घेतले.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. देव दरवर्षी खाली का उतरतो? देवास थंडी बाधत नाही. थंडी बाधते ती माणसास. पुजाऱ्याने हिवाळ्यात वर राहू नये, भक्ताने त्या दिवसांत वर येण्याचा हट्ट धरू नये, म्हणून देवानेच खाली यावे, अशी योजना आपल्या पूर्वजांनी केली. त्यामुळे माणसांचे प्राण वाचले, पूजाही खंडित झाली नाही, आणि त्या नाजूक दरीस सहा महिने विश्रांती मिळाली. हिमालयास देवतात्मा मानणाऱ्या लोकांनी हिमालयाची मर्यादाही अशी ओळखली होती. भक्ती आणि मर्यादा यांची त्यांनी कधी फारकत केली नाही.

महाशिवरात्रीच्या दिवशी ऊखीमठ येथे मंदिर उघडण्याचा मुहूर्त जाहीर होतो. एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या आरंभी डोली पुन्हा निघते. गुप्तकाशी, फाटा, गौरीकुंड असे मुक्काम करीत ती वितळत्या बर्फाच्या कडेने वर चढते. पहाटे कुलूप निघते. दार उघडताच दिव्याची ज्योत पाहण्यासाठी भाविक माना उंचावतात. त्या गर्दीत खांद्यावर डोली घेणारा खोऱ्यातील तरुण असतो, कर्नाटकातील रावळ असतात, आणि महाराष्ट्रातून आलेली एखादी वृद्ध आजीही असते. तिला कदाचित कंडीवाल्याने पाठीवरून आणलेले असते. ती देवास नमस्कार करते. खाली उतरण्याची वेळ झाली की ती कंडीवाल्यासही हात जोडते. यात्रा पूर्ण झाली ती तेव्हा.

शब्दार्थ

आप्तेष्ट – नातेवाईक व जिवलग माणसे
रुष्ट – रागावलेला
पापक्षालन – पाप धुऊन टाकणे
वशिंड – बैलाच्या पाठीवरील उंचवटा
जोते – इमारतीचा उंच दगडी पाया
जीर्णोद्धार – मोडकळीस आलेल्या देवळाची पुन्हा केलेली उभारणी
मावंदे – यात्रेहून परतल्यावर घातलेले गावजेवण
फारकत – ताटातूट, वेगळे करणे

अभ्यास

१. भाऊबीजेच्या दिवशी केदारनाथ येथे काय काय घडते, ते क्रमाने सांगा.

२. केदारनाथाच्या लिंगाचा आकार निराळा का आहे, याविषयीची कथा आपल्या शब्दांत लिहा.

३. पूर्वीच्या व आताच्या यात्रेतील फरक पाच-सहा वाक्यांत लिहा.

४. पुढील वाक्यांचे स्पष्टीकरण करा :
(अ) नदी आपली जुनी वाट विसरली असेल, असे माणसाने गृहीत धरले.
(आ) भक्ती आणि मर्यादा यांची त्यांनी कधी फारकत केली नाही.

५. 'त्या दोघांपैकी अधिक पुण्य कोणाचे?' या प्रश्नास तुम्ही काय उत्तर द्याल? कारणे द्या.

६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : अखंड, टोचणी, समूळ, निवारा.

७. तुमच्या गावाजवळच्या डोंगरावर एखादे देवस्थान असल्यास तेथील यात्रेची माहिती घरातील वडीलधाऱ्या माणसांस विचारा. पूर्वी लोक तेथे कसे जात, पाणी कोठे पीत, रात्री कोठे थांबत, हे लिहून आणा.